घरी परतलेला फौजी रात्री झोपत नसेल तर काय करायचं

माझा दादा २०१४ ला हवालदार म्हणून रिटायर होऊन कळव्याला आला. शेवटची काही वर्षं राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे अतिरेक्यांशी लढणाऱ्या फौजेच्या दलात, काश्मीरमध्ये कुपवाड्याला होता. आम्हाला वाटलं सुटला एकदाचा, आता पेन्शन, घर, पोरांच्या शाळा. पहिल्याच महिन्यात एके सकाळी आई चहा घेऊन गेली, नेहमीसारखं खांद्यावर हात ठेवून उठवलं, आणि त्याने झोपेतच तिचं मनगट असं काही धरलं की दोन बांगड्या फुटल्या आणि काच आत रुतली. जाग आली तेव्हा आईपेक्षा तोच जास्त घाबरला होता. शेजाऱ्यांनी विचारलं तर आईने सांगितलं, दार लागलं. हे "दार लागलं" आम्ही पुढे चार वर्षं सांगत राहिलो. तुमच्या घरात चार वर्षं जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, झोपलेल्या माणसाला हात लावून उठवायचं नाही. दारात उभं राहायचं, लाईट लावायचा, नावाने हाक मारायची आणि तो डोळे उघडून आपल्याकडे बघेपर्यंत पुढे जायचं नाही. लहान पोरांनाही हेच शिकवा, "बाबांच्या अंगावर उडी नको" एवढं सांगितलं तरी पोरं ऐकतात, त्यांना घाबरवायची गरज नाही. रात्री स्वप्नातून दचकून उठला, घाम फुटलाय, नजर भलतीकडेच, तर "काय झालं, काय झालं" करत अंगावर जाऊ नका. हळू आवाजात सांगा तो कुठे आहे ते. आमची वहिनी म्हणते, "अहो, आपण कळव्यात आहोत, घरी, आज मंगळवार, मी आहे, पोरं झोपलीत." तेच तेच परत सांगते. मग गार पाण्याचा तांब्या हातात देते, गार भांडं हाताला लागलं की माणूस लवकर भानावर येतो. काय दिसलं ते तिथल्या तिथे विचारायचं नाही.

याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहून गेलेला त्रास. दुखणं नवीन नाही, पहिल्या महायुद्धात १९१५ ला डॉक्टर लोक याला शेल शॉक म्हणून लिहायला लागले होते आणि पीटीएसडी हे नाव व्हिएतनामच्या लढाईनंतर १९८० ला आलं. फौजेतून आलेल्या प्रत्येकाला हे होतं असं अजिबात नाही, बरेच जण व्यवस्थित असतात. पण झोप उडणं, तीच तीच स्वप्नं, जराशा आवाजाने दचकणं, एकदम भडकणं, माणसं टाळणं, पोरांच्या वाढदिवसालाही चेहऱ्यावर काहीच नसणं, हे महिन्याच्या वर चाललं तर "थोडे दिवस जाऊ दे" म्हणत बसू नका. आणि रिटायर होऊन वर्ष झाल्यावर कसं काय सुरू झालं असा संशयही घेऊ नका, उशिरा सुरू होऊ शकतं. युनिटमध्ये सोबतची पोरं असतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरलेलं काम असतं, घरी आल्यावर ते सगळं सुटतं.

मला हे समजलं ते लोकलमध्ये. सकाळची सीएसएमटी स्लो, दादा आणि मी, रॅकवर एक काळी बॅग. दादाने विचारलं, कोणाची बॅग? कोणी बोललं नाही. परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर दोन पोरं हसली, एक काका म्हणाले बसा हो, असेल कोणाची तरी. मुलुंड आलं तसा त्याने माझा हात धरला आणि आम्ही उतरलो, गाडी निघून गेली तरी हात सोडला नाही, तळहात ओलाचिंब होता. तिकडे बेवारस बॅगकडे असं बघणाऱ्याचाच जीव वाचतो. शरीर ते शिकलं आणि इकडे आल्यावर विसरलं नाही. त्यामुळे "काय घाबरतोस, फौजी ना तू" हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. "विसर आता" हेसुद्धा.

आम्ही प्रेमापोटी केलेली एक चूक सांगते. मन शांत होईल म्हणून त्याला येऊरला नेलं, झाडं, पक्षी, गर्दी नाही. दहा मिनिटांत तो वाटेच्या दोन्ही बाजूंना बघत चालायला लागला, आम्हाला म्हणाला एकत्र चालू नका, अंतर ठेवा. त्याची सगळी ड्युटी जंगलातल्या पेट्रोलिंगची, आणि आम्ही त्याला परत जंगलातच घेऊन गेलो. नंतर त्यालाच विचारलं कुठे बरं वाटतं, तर म्हणाला जिथे लांबपर्यंत दिसतं तिथे. मग ऐरोलीच्या खाडीकडे जायला लागलो, थंडीत तिकडे फ्लेमिंगो येतात, तो तासभर बसतो आणि आम्ही कोणी बोलत नाही. म्हणजे शांत जागा कुठली ते आपण ठरवायचं नाही, त्याला विचारायचं.

आता सोसायटीवाल्यांसाठी, आणि हे मी हात जोडून लिहितेय. २६ जानेवारीला तुम्ही फौजी माणसाला झेंडावंदनाला बोलावता, शाल श्रीफळ देता, चांगलंच करता. पण आमच्याकडे माईकवर सगळ्यांसमोर दादाला विचारलं, "किती अतिरेकी मारले?" पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो घरी येऊन तीन दिवस कोणाशी बोलला नाही. हा प्रश्न कधीच विचारू नका, ना माईकवर, ना लिफ्टमध्ये, ना लग्नाच्या पंगतीत. त्याच्या मनात त्या आकड्याच्या शेजारी त्याचे स्वतःचे गेलेले साथीदार असतात. बोलायचंच असेल तर कुठली रेजिमेंट, थंडी किती असायची, जेवण काय मिळायचं हे विचारा, पुढचं सांगायचं असेल तर तो सांगेल.

दिवाळीचं असं करा की फटाक्यांची वेळ ठरवा आणि आधी कळवा. दचकायला होतं ते अचानक झालेल्या आवाजाने, माहीत असलेला आवाज त्यामानाने झेपतो. आमच्या बिल्डिंगमध्ये आता ग्रुपवर मेसेज येतो, आठ ते नऊ, मागच्या बाजूला, सुतळी बॉम्ब नाही. पहिल्या वर्षी हा मेसेज टाकायला मला लाज वाटत होती, पण सेक्रेटरी काकांनी एका शब्दात हो म्हटलं, लोकांना सांगितलं की लोक ऐकतात हो. दहीहंडीला मात्र ठाण्यात डीजेपुढे कोणाचं काही चालत नाही, त्या दिवशी आम्ही सरळ गावाला जातो.

आणि नातेवाईकांनो, कॅन्टीनची रम मागणं बंद करा. मस्करीत म्हणता, "फौजी, एक बाटली आण की." घरात बाटली आली की ती झोपेसाठी उघडली जाते, पहिले दोन तास झोप लागते आणि मग पहाटे स्वप्नं आणखी वाईट. दादाचं असंच वाढत गेलं. दारू सोडवायची असेल तर तेही डॉक्टरला सांगूनच, रोज पिणाऱ्याने एका दिवसात एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात.

नोकरीचंही बघा. महापे, ऐरोलीच्या आयटी पार्कच्या गेटवर उभे असलेले कितीतरी गार्ड माजी सैनिक असतात. ज्याची झोप आधीच उडालीय त्याला सलग नाईट देऊ नका, ठरलेली डे शिफ्ट द्या. कोणी गनमन म्हणून काम करत असेल, घरात परवान्याची बंदूक असेल आणि मन थाऱ्यावर नसेल, तर ती पोलिस स्टेशनला किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करता येते. त्याच्याशी बोलून करा, पण करा. "माझ्यामुळेच तुम्हाला त्रास", "मी नसतो तर बरं" असं बोलायला लागला तर सरळ विचारायचं, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच हॉस्पिटल गाठा. पोलिस केस होईल या भीतीने लपवू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड तणावात होता असंच धरलं जातं, त्याला उपचार द्यायचे असतात, शिक्षा नाही.

मदत कुठे मिळते? टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोन हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. वहिनीने पहिला फोन दादाच्या नकळत स्वतःसाठी केला होता, घरच्यांनाही करता येतो. पेन्शनवाल्या माजी सैनिकाला आणि त्याच्या कुटुंबाला ईसीएचएस ही उपचारांची योजना आहे, २००३ पासून, कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या, पॉलिक्लिनिकमधून रेफर करून घेतलं की पॅनलवरच्या हॉस्पिटलात कॅशलेस होतं. कागदांत अडकलात तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि सर्व्हिसमधले मेडिकलचे जेवढे कागद असतील ते एका फाईलमध्ये ठेवा, त्रास नोकरीमुळेच झाला हे दाखवायची वेळ आली तर तेच लागतात. उपचार म्हणजे ट्रॉमावरची खास थेरपी, ज्यात ती आठवण हळूहळू, सुरक्षित जागी बसून हाताळतात, आणि काहींना गोळ्या. गोळ्यांचा गुण यायला चारेक आठवडे सहज लागतात, आठ दिवसांत फरक नाही म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

दादा चार वर्षं गेला नाही त्याचं कारण आपल्याच भाषेत आहे. लहानपणापासून आपण ऐकतो, "याला ठाण्याला पाठवा." १९०१ पासूनचं मनोरुग्णालय ठाण्यात, आणि आपण ठाणेकर तीच मस्करी करत मोठे झालो. दादा मला म्हणाला होता, चिऊ, लोक म्हणतील हवालदार ठाण्याला गेला. त्यामुळे नुसता पत्ता देऊन "जाऊन ये" म्हणू नका, सोबत जा. सुट्टी टाका, नंबर तुम्ही लावा, डबा बरोबर घ्या, गर्दीत त्याला भिंतीला पाठ लागेल अशी जागा बघून द्या. तीन वेळा आम्ही ओपीडीच्या गेटवरून परत आलो, मी काही बोलले नाही, परत येताना नुसता चहा घ्यायचो. चौथ्या वेळी तो आत गेला. मी बाहेर बाकड्यावर त्याच्या कागदांची पिशवी धरून बसले, पाऊण तास झाला. बाहेर आला, पिशवी माझ्या हातून घेतली आणि म्हणाला, पुढची तारीख एकोणीस.