रॉक बँडची फिल्म थिएटरात बघायला जाताना

मी मराठी नाटकांना साउंड देतो. शिवाजी मंदिर असो की यशवंत, माझी जागा प्रेक्षागृहात मागे, आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरजवळ. त्यामुळे एखाद्या बँडची कॉन्सर्ट फिल्म, म्हणजे त्यांच्या कार्यक्रमाचं चित्रण, थिएटरात लागली की मित्रमंडळींचा फोन येतो, तिकीट कुठलं काढू? माझं म्हणणं एकच: पडद्याचं नंतर बघू, आधी आवाजाचं बघा.

अशा फिल्मचे शो मोजके असतात, कधी एकदोन दिवसच. जाहीर झालं की बुकिंगच्या अॅपवर लक्ष ठेवा. रिक्लायनरला भुलू नका, शोपुढे अॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा डॉल्बीचा आवाज) किंवा आयमॅक्स (मोठा पडदा आणि स्वतःची साउंड सिस्टीम) लिहिलंय का ते पाहा. चर्चगेट स्टेशनसमोरचं १९३८चं इरॉस २०२४मध्ये आयमॅक्स होऊन पुन्हा सुरू झालं. रात्रीचा शो तिथे मिळाला तर सोडू नका, सुटल्यावर रस्ता ओलांडला की लोकल.

खुर्ची पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश मागे, रांगेच्या अगदी मध्ये घ्या. कडेला बसलात की जवळचा स्पीकर बाकी सगळं झाकून टाकतो. शेवटची रांगही नको. मागच्या भिंतीपाशी खालचा, जड आवाज फुगतो आणि ड्रमचा ठोका गिळगिळीत होतो. सगळा ग्रुप एकत्र बसावा म्हणून लोक कोपऱ्यातल्या सहा खुर्च्या घेतात. माझं ऐका, दोन-दोन मागेपुढे बसा, पण मध्ये बसा.

ऐकायला शिकायचं असेल तर टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडची 'स्टॉप मेकिंग सेन्स' पुन्हा लागेल तेव्हा चुकवू नका. डिसेंबर १९८३मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात जोनाथन डेमीने ती चित्रित केली. पहिल्या गाण्याला रंगमंचावर बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटा, हातात गिटार. दुसऱ्याला टीना वेमथची बेस गिटार (खालच्या सुरांची) येते, तिसऱ्याला ड्रम, चौथ्याला आणखी एक गिटार. प्रत्येक वाद्य आलं की आधीच्या आवाजात काय भरलं तेवढंच धरून ठेवा. नंतर स्टेज माणसांनी भरतो, तरी तुमचा कान बेसची ओळ सोडत नाही. मिक्सरवर बसायला आलेल्या नव्या मुलांना मी हीच फिल्म दाखवतो.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडची इटलीतल्या पॉम्पेईची फिल्म याच्या अगदी उलट. ऑक्टोबर १९७१, प्राचीन रोमन अँफिथिएटर, समोर प्रेक्षक नाहीतच. टाळ्या नाहीत, त्यामुळे झांज वाजल्यावर तिचा नाद विरेपर्यंत ऐकता येतो. २०२५मध्ये ती स्टीव्हन विल्सनच्या नव्या मिक्ससह थिएटरांत आली होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थिएटरचा आवाज सांभाळणाऱ्या डॉल्बीच्या प्रोसेसरवर आवाजाचा प्रमाण आकडा ७ असतो, पण बरीच थिएटरं त्याहून खाली चालवतात. ड्रम असलेल्या पहिल्याच गाण्यात तो छातीत जाणवला नाही तर लगेच बाहेर जा आणि ड्युटी मॅनेजरला सांगा, "आवाज थोडा वाढवा, कॉन्सर्ट फिल्म आहे." नीट बोललात तर बहुतेक जण ऐकतात. इंटरव्हलची वाट बघू नका, तोवर अर्धी फिल्म गेलेली असते.

गाणं संपल्यावर टाळ्या खुशाल वाजवा. मोबाइलवर शूटिंग मात्र नको; त्या उजेडाने मागच्या चार रांगांचा विचका होतो. आणि शेवटची नामावली संपेपर्यंत उठू नका, मिक्सिंग कोणी केलं ते नाव वाचूनच निघा.