सेकंडहॅन्ड फिशआय: अनंताच्या खुणेवर लांबचं धूसर

८ मिमी मॅन्युअल (हाताने फोकस करायची) फिशआय, म्हणजे अतिशय रुंद दृश्य टिपणारी लेन्स; कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा). फोकस रिंग अनंताच्या (∞, सर्वात लांबच्या) खुणेवर ठेवली की गोदाघाटावर पलीकडची देवळं धूसर, ०.३ मीटरच्या खुणेवर मात्र तीच लख्ख. काच पुसली, माउंट तपासला, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान करून एफ/८ केलं, थोडंच सावरलं. अख्खा दिवस हातचा गेला, फार चुटपुट लागली.

दोष काचेत नाही, रिंगवरची अंतराच्या खुणांची स्केल सरकलेली. फोकस रिंगचं रबर सोललं. खाली तीन बारीक स्क्रू. ते अर्धा फेराच सैल करायचे, काढायचे नाहीत. पांडवलेण्यांवरून, ट्रायपॉडवर, छिद्र मोठं, एफ/३.५, आणि लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं दृश्य) १० पट करून दूरच्या टॉवरच्या सळ्या सुट्या दिसेपर्यंत फोकस केला. आतली नळी घट्ट धरून फक्त बाहेरची रिंग अनंताच्या खुणेवर आणली. स्क्रू आळीपाळीने आवळले. एकच आधी आवळला तर रिंग तिरकी बसते.

आता एफ/८, रिंग १ मीटरच्या खुणेवर: ३० सेंमीपासून क्षितिजापर्यंत स्पष्ट.