पाण्याच्या वहीपासून सुरुवात

सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीत तरुणांबरोबर काम करायला लागून मला आठ वर्षं झाली. या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक जण पहिलाच प्रश्न विचारतात, ‘परदेशी संस्थेशी भागीदारी कशी मिळते?’ त्यांना मी सांगते, आधी वस्तीतला एक प्रश्न धरा आणि सहा महिने सोडू नका. भागीदार मग शोधा.

मी नेमकं उलटं केलं होतं. फिनलंडमधल्या एका युवा संस्थेशी ओळख झाली आणि दोघांनी मिळून आखलेलं नेतृत्व शिबिर मी संध्याकाळी ठेवलं. पंचवीस जण आले, त्यात मुली तीनच. संध्याकाळी घराघरात विड्यांचा आकडा पुरा करायची घाई असते. आई वळते, मुलगी पानं कापून देते. हजार विड्या झाल्या नाहीत तर सकाळी कारखान्यात काय नेणार? हे मला आधी कळायला हवं होतं.

मग वेळ दुपारची केली आणि विषय मुलींनाच विचारला. उत्तर लगेच आलं: पाणी. नळ चार-पाच दिवसांआड, कधी रात्री दोनला. त्यांनी शंभर पानी वही घातली. तारीख, गल्ली, पाणी कधी आलं, कधी गेलं, किती घागरी भरल्या. काही नोंदी तेलुगूत, काही मराठीत, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या मुलीच्या उर्दूत. (हे असंच चालू द्या. सोलापुरात एकाच भाषेचा हट्ट धरला की अर्धी वस्ती गप्प बसते.) दोन महिन्यांत वहीतूनच दिसलं की टोकाच्या दोन गल्ल्यांना पाणी निम्माच वेळ मिळतं.

महापालिकेत अर्ज द्यायला एकोणीस वर्षांची मुलगी गेली. ‘ठेवून जा,’ असं उत्तर मिळालं. ती हलली नाही. ‘पोच द्या,’ म्हणाली. शिक्का आणि आवक क्रमांक पडलेला तो कागद घामाने भिजू नये म्हणून तिने ओढणीत गुंडाळून आणला. उत्तर आलं नाही तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. एका गल्लीची वेळ सुधारली. दुसरीचा पाठपुरावा अजून चालू आहे.

वहीची पानं भाषांतर करून फिनलंडला पाठवली आणि भागीदारी खरी तिथून सुरू झाली. त्यांच्याकडे २०१५ च्या कायद्यानुसार प्रत्येक नगरपालिकेला तरुणांचं म्हणणं मांडणारी युवा परिषद किंवा तसं मंडळ नेमावं लागतं. तशीच परिषद इथे व्हावी, ही त्यांची इच्छा होती. पण आपल्याकडे तरुणांना असं बोलावणं येत नाही, आपणच अर्ज घेऊन दारात जावं लागतं. मग वाटणी ठरली. बैठक कशी चालवावी, इतिवृत्त कसं लिहावं, मोठ्यांनी कुठे गप्प राहावं हे त्यांनी शिकवायचं. विषय कोणता आणि कोणाच्या दारात जायचं, हे मुली ठरवणार. मुलांचा सहभाग किती खरा हे पायऱ्यांनी दाखवणारी, अभ्यासक रॉजर हार्ट यांची १९९२ ची सहभागाची शिडी जरूर वाचा. तिच्या आठपैकी खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, आणि बॅनरमागे मुलं उभी करून काढलेला फोटो तिथेच बसतो.

पैशाचं आधीच समजून घ्या. परदेशी निधीला एफसीआरए (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर पंधरा लाख खर्च केलेली असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून नोंदणी असलेली मोठी संस्थाही हा निधी तुमच्याकडे वळवू शकत नाही. त्यामुळे लहान मंडळाने पैशाची नाही, शिकण्या-शिकवण्याची भागीदारी मागावी. आम्ही तेच केलं.

आता व्हिडिओ कॉल ठरवताना मुली आधी विचारतात, त्या दिवशी नळ आहे का? फिनलंडची मंडळी आमची पाण्याची वही बघूनच तारीख सुचवतात.