खानापुरातून बेळगावचा पीसी चालवायचा असेल तर
पावसाळ्यात खानापूरला घरी बसून बेळगावच्या दुकानातला पीसी चालवायचाय? मग आधी त्याच्या बायोसमध्ये (पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणारा सेटिंगचा मेनू) ‘एसी पॉवर लॉस’ किंवा तशाच नावाची सेटिंग शोधून ‘पॉवर ऑन’ करा. नाहीतर लाईट जाऊन आली की नुसतं बटण दाबायला कुणाला तरी दुकान उघडायला लावावं लागतं! स्लीप बंद ठेवा. आत व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा पीसी) असेल तर तिलाही ऑटो-स्टार्ट लावा, हे हमखास राहतं. रिमोट डेस्कटॉपने (दूरून पीसी चालवायची विंडोजचीच सोय) आत शिरायला त्या पीसीवर विंडोज प्रो हवं, होम चालत नाही. आणि कुणी कितीही सांगो, राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा) बाहेरच्यांसाठी उघडू नका. वायरगार्डसारखा व्हीपीएन (इंटरनेटवरूनच जाणारी खाजगी, सुरक्षित वाट) लावून त्यातूनच जोडा.