कॉलेजचा गार्ड पुढे टिकेल का? पारखायचं कसं

मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची ६८ संघांची बाद स्पर्धा सुरू होते आणि तिथले संध्याकाळचे सामने आपल्याकडे ठाण्यात, वाशीत, नेरूळला पहाटे साडेचार-पाचला लागतात. सामना संपला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मारले? पंचवीस मारले म्हणजे पोरगा एनबीएत, तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, गेलाच. गार्डची, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या खेळाडूची, पारख नेमकी इथेच चुकते.

२०११ साली ब्रिगहम यंग विद्यापीठाचा जिमर फ्रेडेट सामन्यामागे २८.९ गुण काढून देशात पहिला होता. एनबीएने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, पण तिथे त्याला पक्की जागा कधीच मिळाली नाही. विलानोव्हा विद्यापीठाचा जेलन ब्रन्सन सहा फूट दोन इंचांचा. २०१८ च्या निवडीत पहिली फेरी संपली तरी त्याचं नाव आलं नव्हतं. तो ३३ वा गेला आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्ककडून ऑल-स्टार झाला. गुण दोघांकडेही होते. वेळ कमी झाला, जागा आवळली, समोरचे हात लांब झाले की कुणाचं कौशल्य चालतं, हे गुणांच्या रकान्यात दिसत नाही. म्हणून गार्डच्या प्रत्येक गोष्टीला हाच प्रश्न लावायचा: हे वरच्या पातळीवर चालेल का?

आधी फरक मोजून घ्या

अमेरिकन कॉलेजात एका चढाईला ३० सेकंद मिळतात, एनबीएत २४. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८. कॉलेजचा हंगाम तीस-पस्तीस सामन्यांचा, एनबीएचा ८२. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०१९-२० पासून तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर आहे, म्हणजे आपल्याकडच्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) मापाच्या कोर्टावर असते तिथेच. एनबीएत ती समोरून ७.२४ मीटर आहे.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा एकदा कोर्टावर आखून बघा. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा, तो टेकतो तिथून टेप धरा आणि ७.२४ वर खडूने कमान काढा. रंगवलेल्या रेषेच्या मागे ४९ सेंटीमीटर, म्हणजे साधारण एक हात अंतर पडतं. त्या खडूवर उभं राहून वीस शॉट मारले की कॉलेजात रेषेला पाय चिकटवून मारणारा आणि एक हात मागून मारणारा यांतला फरक कळतो. नंतर व्हिडिओ बघताना प्रत्येक थ्री पॉइंटरच्या वेळी पाय कुठे होते ते आपोआप बघितलं जातं.

आणखी एक नियम फार जणांच्या लक्षात नसतो. एनबीएत बचावपटूला कुणालाही न धरता रिंगसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. कॉलेजात आणि फिबात ही अट नाही, त्यामुळे तिथे रिंगखाली गर्दी साचते. कॉलेजात गर्दीत अडणारा वेगवान गार्ड एनबीएत मोकळा होऊ शकतो. त्याच्या खात्यात उणे लिहिण्याआधी हे आठवा.

कोणते सामने बघायचे

तीन पुरेसे आहेत, पण निवडून. एक तगड्या बचावासमोरचा, एक परक्या मैदानावरचा आणि एक ज्यात तो साफ फसला. हायलाइट्स बघून मत बनवू नका, त्यात चुकलेला शॉट नसतोच. प्रत्येक सामना दोनदा बघा: पहिल्यांदा बॉल त्याच्या हातात असताना, दुसऱ्यांदा नसताना. दुसरं बघणं कंटाळवाणं असतं आणि बहुतेकांची पारख तिथेच अर्धवट राहते.

शरीर

वेबसाइटवरची उंची बऱ्याचदा बुटांसकट असते आणि वर एखादा इंच चढवलेला असतो. एनबीएच्या चाचणी शिबिरात अनवाणी उंची, दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर आणि उभ्याने हात वर करून पोहोच असं सगळं मोजतात. गार्डच्या बाबतीत हाताचं माप उंचीपेक्षा जास्त सांगून जातं. डोनोव्हन मिचेल २०१७ मध्ये अनवाणी जेमतेम सहा फूट सव्वा इंच भरला, पण हात पसरून सहा फूट दहा इंच. असा मुलगा गार्डच्या दोन्ही जागी बचाव करू शकतो. उंची आणि हात सारखेच असतील, तर त्याला बाकी सगळीकडे भरपाई करावी लागते.

वयही लिहून ठेवा. १९ व्या वर्षी जे दिसतं ते २३ व्या वर्षी दिसलं, तर त्याचा अर्थ निम्मा होतो. चौथ्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या पोरांवर अंगाने भारी पडत असतो.

शूटिंग: टक्क्यांवर भाळू नका

हंगामात शंभर थ्री पॉइंटर मारणाऱ्या दोघांपैकी एकाचे ३८ टक्के आणि दुसऱ्याचे ३४ असतील, तर त्यांच्यात फरक फक्त चार शॉटचा. चार शॉट रिंगवर फिरून बाहेर पडले इतकंच. म्हणून थ्रीच्या टक्क्यांशेजारी फ्री थ्रोचे टक्के मांडा. फ्री थ्रोला समोर कुणी नसतं, अंतर ठरलेलं असतं, हात खरा कसा आहे ते तिथे दिसतं. लॉन्झो बॉलने २०१६-१७ मध्ये यूसीएलएकडून थ्री ४१.२ टक्क्यांनी मारले आणि फ्री थ्रो ६७.३ टक्क्यांनी. एनबीएतल्या पहिल्या हंगामात त्याचे थ्री ३०.५ टक्क्यांवर आले, फ्री थ्रो ४५.१ वर. धोक्याची खूण कॉलेजातच होती. पुढे त्याने फेकण्याची पद्धतच बदलली आणि २०१९-२० ते २०२१-२२ या तिन्ही हंगामांत थ्री ३७ टक्क्यांच्या वर नेले. म्हणजे ही खूण शेवटचा निकाल नाही, पण किती काम बाकी आहे ते ती सांगते.

गुण किती खर्चात आले तेही काढा. हिशोब सोपा आहे. फ्री थ्रोंच्या संख्येला ०.४४ ने गुणा, त्यात मैदानी शॉट मिळवा, आलेल्या आकड्याची दुप्पट करा आणि एकूण गुणांना तिने भागा. १५ शॉट आणि ६ फ्री थ्रोंत २० गुण असतील तर २० भागिले ३५.२८, म्हणजे ५६.७ टक्के. २० शॉट आणि २ फ्री थ्रोंत तेच २० गुण असतील तर ४७.९ टक्के. धावफलकावर दोघे सारखे दिसतात, पण दुसऱ्याने संघाच्या बऱ्याच चढाया खाल्ल्या.

मग डोळ्यांनी बघायचं. पास घेऊन लगेच मारलेले आणि ड्रिबलवरून थांबून मारलेले शॉट वेगळे लिहा. डावीकडे जाऊन आणि उजवीकडे जाऊन मारलेले वेगळे लिहा. बॉल हातात आल्यावर तो कमरेखाली नेतो का ते बघा. कॉलेजात तेवढा वेळ मिळतो, वर बचावपटू तेवढ्यात अंगावर येतो. चुकलेला शॉट कुठे गेला हेही नोंदवा. आखूड आणि लांब जाणारे शॉट पायांच्या दमाशी आणि अंतराच्या अंदाजाशी जोडलेले असतात, ते सुधारतात. सतत डावीकडे किंवा उजवीकडे जाणारे कोपर नाहीतर मनगट तिरकं असल्याचं सांगतात, आणि ते सुधारायला बराच काळ जातो.

पिक अँड रोल: इथे सर्वात जास्त वेळ द्या

गार्डचं निम्मं भविष्य याच खेळीत ठरतं. गार्डचा एक सोबती बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो (हाच स्क्रीन) आणि मग रिंगकडे सुटतो. गार्ड उजवीकडून स्क्रीनवरून निघतो. त्याचा माणूस स्क्रीनला अडकून अर्धं पाऊल मागे राहतो. समोरचा उंच सेंटर मागे सरकत रिंग राखतोय. कच्चा गार्ड इथे घाई करतो, दोन ड्रिबलांत सेंटरच्या अंगावर जातो आणि शॉट अडवून घेतो. पक्का गार्ड दुसऱ्या ड्रिबलला वेग तोडतो आणि मागून येणाऱ्याला पाठीवरच अडकवून ठेवतो. आता सेंटर एकटा आणि त्याला धरायचे दोघे: गार्ड, आणि रिंगकडे सुटलेला स्क्रीनर. सेंटर वर आला तर पास, नाही आला तर फ्लोटर (सेंटरच्या हातांवरून उंच सोडलेला हलका शॉट) किंवा थांबून शॉट. त्याच क्षणी पलीकडच्या कोपऱ्यातल्या शूटरचा माणूस आत सरकला असेल, तर बॉल तिकडे गेला पाहिजे.

हे जोखायची सोपी रीत अशी: दुसरा ड्रिबल जमिनीवर टेकला की व्हिडिओ थांबवा. कोण मोकळा आहे ते स्वतः मोठ्याने बोला. मग पुढे चालवा. अशा वीस खेळी बघा. वहीत बचाव कसा होता तेही लिहा: सेंटर मागे सरकला तर ‘मा’, दोघांनी माणसं बदलली तर ‘ब’, दोघे अंगावर आले तर ‘दो’. बरेच गार्ड ‘मा’समोर राजे असतात आणि ‘दो’समोर ड्रिबल संपवून बसतात. तेही वहीत यायला हवं.

असिस्टच्या आकड्यावर विसंबू नका. पास चोख असला तरी मित्राचा शॉट पडला नाही तर असिस्ट मिळत नाही. ज्या पासवरून नीट शॉट घेता आला तो प्रत्येक पास मोजा. टर्नओव्हरचेही (बॉल गमावण्याचेही) दोन ढीग करा. दिसलेल्या मोकळ्या खेळाडूला दिलेला पास बोटभर चुकला, तर तो धाडसाचा खर्च आहे. अंगावर आलेल्या माणसाने बॉल काढून घेतला, तर ती हाताची कमजोरी. पहिला ढीग वयाबरोबर कमी होतो. दुसरा वरच्या पातळीवर वाढतो, कारण तिथे प्रत्येक रात्री समोर लांब हातांचा माणूस असतो.

रिंगजवळ काय करतो ते बघताना ब्रन्सन नजरेसमोर ठेवा. तो दोन्ही पाय रोवून थांबतो, पिव्हट फिरवतो, उंच माणसाला आधी उडवतो आणि मग मारतो. एका पायावर उडून फक्त उजव्या हाताने लेअप मारणारा गार्ड सात फुटी सेंटरसमोर अडकतो. डाव्या हाताचे किती, दोन पायांवरचे किती, फाउल काढून लाइनवर किती वेळा गेला, एवढं मोजलं की पुरे.

बचाव

स्टीलचा (बॉल हिसकावण्याचा) आकडा फसवा असतो. हात मारून दोन स्टील काढणारा चार वेळा जागा सोडून गेलेलाही असतो. स्क्रीन लागल्यावर तो कसा निघतो ते बघा: खांदा आत घालून स्क्रीनला घासून वरून जातो की दर वेळी मागून सुटतो? बॉल दुसऱ्या बाजूला असताना त्याला आपला माणूस आणि बॉल दोन्ही दिसतात का, की बॉलकडे टक लावून पाठीमागून कट खातो? प्रशिक्षक त्याला कुणावर ठेवतो, तेही बघा. समोरच्या सर्वात कमकुवत शूटरवर लपवत असेल, तर बरंच कळलं. झोन (माणूस न धरता जागा राखण्याचा बचाव) खेळणाऱ्या संघातला गार्ड एकास एक बचावात कसा आहे ते सामन्यात दिसतच नाही. तिथे अंदाज न बांधता रकाना कोरा सोडा.

आपल्या कोर्टांवर हीच वही

ठाणे-नवी मुंबईतल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांनाही ही रीत चालते, फक्त थोडी जुळवून घ्यावी लागते. उघड्या सिमेंटच्या कोर्टावर संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की लांबचे शॉट हलतात, म्हणून बाहेरचे आणि हॉलमधले थ्री वेगळे मांडा. ओल्या कोर्टावर आडव्या हालचालीचं मत बनवू नका, पाय जपणारा खेळाडू हळूच दिसणार. आपल्याकडे आकडे ठेवणारं सहसा कुणी नसतं, म्हणून दोघांनी बसा, एकाने बोलायचं आणि एकाने लिहायचं. मोबाइल बेसलाइनजवळ न लावता मध्यरेषेसमोर, शक्य तितक्या उंचावर, इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत लावा. खालून घेतलेल्या व्हिडिओत पलीकडचा कोपरा दिसत नाही आणि पासची पारख करता येत नाही.

आपल्याकडे एक चूक फार होते. सहा फूट एक इंचाचा मुलगा कॉलेजात सर्वात उंच म्हणून चार वर्षं रिंगखाली उभा केला जातो. वर गेल्यावर त्याच उंचीत त्याला गार्ड व्हावं लागतं, आणि डावा हात कधी तयारच झालेला नसतो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड ३६र्सशी करार करणारा भारताचा विशेष भृगुवंशी सहा फुटांहून बराच उंच असूनही गार्ड आहे. तेव्हा अशा मुलाचे रिबाउंड मोजत बसू नका. सराव संपल्यावर त्याच्या अंगावर एक चपळ बचावपटू द्या आणि बॉल दहा वेळा या बेसलाइनपासून त्या बेसलाइनपर्यंत न्यायला सांगा. किती वेळा मधेच पाठ करून थांबला आणि किती वेळा हातातून सुटला, ते लिहा.

अहवाल

‘चांगला पासर’, ‘मेहनती’ असे शब्द लिहू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही. वाक्य असं हवं: ‘सेंटर मागे सरकल्यावर १४ पैकी ११ वेळा योग्य पर्याय निवडला. दोघे अंगावर आल्यावर ६ पैकी ४ वेळा बॉल गेला. डाव्या हाताने रिंगजवळ ५ पैकी १.’ प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एकच शेरा लिहा: वर चालेल, सुधारलं तर चालेल, वर चालणार नाही. शेवटी तो कोणत्या कामासाठी घ्यायचा ते एका ओळीत लिहा. मुख्य गार्ड, दुसऱ्या फळीतला की केवळ शूटर? काम न ठरवता केलेली स्तुती निवड करणाऱ्याच्या उपयोगाची नसते.

अहवाल झाला की नाव आणि जर्सी नंबर झाकून तो दुसऱ्या प्रशिक्षकाला द्या आणि त्या मुलाचा सामना बघायला बसवा. पहिल्या क्वार्टरमध्ये त्याने दहांतून तो गार्ड ओळखला नाही, तर वही घेऊन पुन्हा पहिल्या सामन्यापासून सुरुवात करा.