अकीक घरी हाताने घासून खडा कसा करायचा (मशीन नसताना)

पुण्यात बसून हे शिकायचं असेल तर मशीनवाचून काही अडत नाही, हाताने पण मस्त खडा होतो, फक्त बऱ्याच संध्याकाळी द्यायची तयारी ठेवा. आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यातल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये सिलिका साठत गेली तोच अकीक. तशाच पोकळ्यांत झिओलाइट, अपोफिलाइट ही खनिजं आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला तो सुंदर निळा कॅव्हन्साइट पण मिळतो, पण ते घासायला घेऊ नका प्लीज, मऊ असतात, जसे आहेत तसेच जपा. अकीकाची कठिणता 10 पर्यंतच्या मोह्स मापावर 6.5 ते 7, त्यामुळे चाकूने ओरखडा उठत नाही.

दगड ओला करून पुसा, वरचं पाणी सुकल्यावर एखादी रेघ ओलीच दिसली तर तिथे तडा आहे, तो तुकडा सोडून द्या. सुरुवातीला 5-6 मिमी जाडीची कापलेली चकतीच घ्या, कापायच्या भानगडीत पडू नका. त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या तारेने 18 बाय 13 मिमीचा ओव्हल काढा, पेनाची शाई पाण्याने जाते, ही रेघ टिकते. मग लाख वितळवून, दगडही थोडा गरम करून लाकडी काडीवर चिकटवा, दगड गार असला तर लाख धरत नाही.

आता काचेच्या तुकड्यावर 80 नंबरची सिलिकॉन कार्बाइड ही घासायची पावडर (नंबर जितका लहान तितके कण जाड) आणि पाणी घेऊन आधी रेघेपर्यंत कडा आणा, मग वरच्या कडेला 45 अंशाचा उतार, त्याच्यावर अजून एक कमी उतार, आणि मग मधले कंगोरे मारत घुमट करा. पुढे वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर 220, 400, 600, 1000. हे बोहरी आळीत सहज मिळतात. पेपरखाली रबराचा किंवा फोमचा तुकडा ठेवा नाहीतर घुमटावर सपाट डाग पडतात.

सगळा खेळ 220 आणि 400 वर आहे, हे मनापासून सांगतोय. ओला दगड कायम गुळगुळीत वाटतो, म्हणून प्रत्येक नंबरनंतर धुवा, पूर्ण कोरडा करा, लाइटखाली तिरका धरून बघा, आधीच्या नंबरचा एक जरी ओरखडा दिसला तरी पुढे जायचं नाही, कारण 80 चा चरा 1000 च्या पेपरने जन्मात जात नाही. हात आणि भांडंही धुवा, जाड कण पुढच्या पेपरवर गेला की परत मागे यावं लागतं.

शेवटी चामड्यावर सिरियम ऑक्साइड या पॉलिश पावडरची पातळ पेस्ट लावून घासा. चामडं सुकत आलं की खरी चकाकी येते, तेव्हा जोर द्या.

आणि कोरडं कधीच घासू नका, ही धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांनी ते फार भोगलंय. पाणी ठेवा, सांडलेला गाळ ओल्या फडक्याने पुसा, बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो, बादलीत खाली बसू द्या.

काडीवरून काढायला अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, लाख सुटते. सोनाराकडे नेण्याआधी तळाच्या कडेची धार 400 ने हलकीशी मोडून घ्या, नाहीतर कोंदणात बसवताना टवका उडतो.