घरटं शोधू नका, पक्षी बघा: खान्देशात विणीच्या नोंदी कशा करायच्या

विणीच्या नोंदी करायला निघालेला नवीन माणूस पहिलं काम काय करतो तर झुडपात डोकं घालतो, फांद्या बाजूला करतो आणि मोबाईल पुढे सरकवतो. ते करायचंच नाही. नोंदीला बऱ्याचदा घरटं दिसायची गरजच नसते, पक्षी काय करतोय हे लांबून दहा मिनिटं नीट बघितलं तरी पुरतं.

पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं ई-बर्ड ॲप फुकट आहे, चेकलिस्ट म्हणजे दिसलेल्या पक्ष्यांची यादी सुरू करायची, पक्षी टाकायचा आणि त्या पक्ष्याच्या नावावर टॅप केलं की ब्रीडिंग कोड म्हणजे विणीची खूण निवडता येते. काडी नेतोय, पिल्लाला भरवतोय, अंगावर धावून येतोय, प्रत्येकाला वेगळा कोड. नुसता गातोय तर तो फक्त शक्यतेचा कोड, 'इथं घरटं आहे' असं ठोकून द्यायचं नाही. चोचीत मासा दिसला की लोक लगेच 'पिल्लांसाठी नेतोय' टाकतात, पण नदीसुरय नर मादीला पटवायलाही मासा देतो, म्हणून मासा कोणाच्या तोंडात गेला ते बघा आणि मगच कोड टाका.

आता उन्हाचं. हतनूर धरणाच्या खाली तापीत किंवा गिरणेच्या वाळूत उन्हाळ्यात नदीसुरय, टिटवी, छोटी आर्ली उघड्यावर अंडी घालतात, घरटं म्हणजे वाळूत जरासा खळगा, बस. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास, तिथं पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला नाही तर सावली करायला, आणि टिटवी तर पाण्यात पोट भिजवून येऊन बसते म्हणजे अंडी गार राहतील. तुम्ही दुपारी तिथं उभे राहिलात की ती डोक्यावर ओरडत फिरणार आणि अंडी तेवढा वेळ उन्हात, वर कावळा टपलेलाच. म्हणून सकाळी लवकर जा, काठावरून दुर्बिणीनं बघा, वाळूत उतरू नका, अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी पंख मोडल्याचं नाटक करायला लागली तर कोड मिळाला समजा, आलात त्याच वाटेनं मागे फिरा. धरणाचं पाणी सुटून वाळूचं बेट बुडालं तर तेही कमेंटमध्ये लिहा, वाया गेलेली वीणही नोंदच असते.

पावसाळ्यात सुगरणीचे खोपे. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला तीसेक खोपे लटकलेले बघून तीस जोड्या लिहू नका हो! नर अर्धा खोपा विणून थांबतो, मादी येऊन बघते, पसंत पडला तरच पुढची नळी होते, आणि एकच नर दोन-तीन मादींचा संसार मांडतो. म्हणून अर्धवट किती, नळीवाले किती हे वेगळं मोजा आणि मादी चारा घेऊन आत जाताना दिसली तेवढ्यालाच पिल्लांचा कोड. उन्हाळ्यात सुकलेल्या खोप्यात हालचाल दिसली तर घाई करू नका, जुन्या खोप्यात मुनिया बिऱ्हाड करते.

शेतात शिरायच्या आधी मालकाला विचारा, 'राम राम आप्पा, पाखरं बघायला आलो' एवढं म्हटलं की निम्मं काम तिथंच होतं, कारण टिटवी कुठल्या बांधावर बसलीय हे त्यांना आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) माहीत असतं. तिनं उंचावर अंडी घातली म्हणजे पाऊस भरपूर हेही सांगतील, ऐकून घ्या, नोंदीत फक्त जागा आणि तारीख लिहा.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात जंगली पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे शिकारीतच मोडतं, त्यामुळे सेल्फीवाल्या दोस्ताला आधीच सांगून ठेवा. सातपुड्यात जास्तच जपून. रानपिंगळा (छोटं घुबड) शंभरावर वर्षं कोणाला दिसला नव्हता, १९९७ ला शहाद्याजवळ पुन्हा सापडला, त्याची ढोली कळली तर व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन अजिबात टाकायचं नाही, पुढच्या रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते. कोणाच्याही घरट्याचा फोटो टाकायचाच असेल तर पिल्लं उडून गेल्यावर टाका, आणि गावाचं नाव न लिहिता.